शाल-श्रीफळानंतर काय?



आपल्या भागातील तंत्रशाळा ज्यांनी उभी केली, ते संस्थापक निवृत्त होतात तेव्हा आपण काय करतो? मांडव घालतो, शाल-श्रीफळ देतो, चार भाषणे ऐकतो आणि जेवून घरी जातो. त्यात वावगे काही नाही. ज्यांनी आपल्या मुलांच्या हाताला काम शिकवले, त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण उद्या कार्यशाळेचे कुलूप कोण उघडणार, हे त्या मांडवात कोणी विचारीत नाही. पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी म्हणून मी असे पुष्कळ सत्कार पाहिले, आणि त्यानंतर गंजत पडलेली यंत्रेही पाहिली. म्हणून आज पाबळची हकिकत सांगतो.

पाबळ हे पुणे जिल्ह्यातले, शिरूर तालुक्यातले कोरडवाहू गाव. मस्तानीच्या समाधीमुळे नाव तुमच्या कानावर असेल. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत शिकून आलेले शास्त्रज्ञ, मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या हुद्द्यावर होते. १९८२ साली त्यांनी ती नोकरी मुदतीआधी सोडली आणि १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. निवृत्तीनंतर माणसे घर बांधतात, यांनी शाळा काढली.

तेथे शाळा सुटलेली मुले राहून शिकू लागली. शेती व पशुपालन, लोखंडकाम-बांधकाम, ऊर्जा, घर आणि आरोग्य असे सारेच विषय. आणि शिकायचे ते हाताने करून. हाच अभ्यास पुढे माध्यमिक शाळांत गेला. आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस कामातून शिकू लागली. जमिनीतले पाणी शोधण्याचे स्वस्त यंत्रही आश्रमाने तयार केले. जमिनीत वीज सोडायची आणि खालचा थर तिला किती अडवतो ते मोजायचे. कोरडा कातळ जास्त अडवतो, पाणी धरलेला थर कमी. विहीर खणण्यापूर्वी एवढे कळले तरी शेतकऱ्याला केवढा आधार!

२००३ साली डॉक्टर गेले. आश्रम मात्र बंद पडला नाही. त्यांच्यामागून आलेली माणसे तो चालवीत आहेत आणि मुले आजही तेथे शिकत आहेत. याचे कारण मला साधे वाटते. तेथील विद्या एका माणसाच्या डोक्यात कोंडलेली नव्हती, ती अनेकांच्या हातात उतरली होती.

आमच्या तालुक्यातही एका तंत्रशाळेचे संस्थापक प्राचार्य येत्या महिन्यात निवृत्त होत आहेत. सत्काराच्या बैठकीत कमान किती मोठी असावी यावर तासभर चर्चा झाली. मग मोटार रिवाइंडिंगचे दुकान चालवणारा त्यांचाच एक जुना विद्यार्थी उठला. म्हणाला, "हार दोन दिवसांत वाळतील. लेथ दुरुस्त करू, आणि महिन्याला एक दिवस मी पोरांना शिकवायला येतो." सभा क्षणभर गप्प झाली. कमान निम्मी झाली आणि उरलेली वर्गणी लेथसाठी बाजूला निघाली. शिकवायला येणाऱ्यांच्या यादीत आणखी पाच नावे पडली. त्यांत शिवणयंत्रे दुरुस्त करणारी एक ताईही आहे.

मंडळी, खळ्यावर रास पडली की आपण आधी चांगली कणसे निवडून बियाण्याला बाजूला काढतो, मगच बाकीचे धान्य बाजारात नेतो. संस्थापकाच्या निरोपाचेही तसेच आहे. ते जाण्यापूर्वी त्यांच्याजवळ बसा. कोणते यंत्र कसे चालते, सुटे भाग कोठे मिळतात, गरीब मुलाची फी कशी भागवली जाई, हे सारे वहीत उतरवून घ्या. जुने विद्यार्थी बोलवा आणि त्यांच्याकडून पैशापेक्षा दिवस मागा. आणि आपल्या घरची मुलगी असो वा मुलगा, पुढच्या वर्गात त्याचे नाव घाला. वर्ग भरला नाही, तर नुसत्या भिंती राखून काय उपयोग?

शाल जरूर द्या. पण संस्थापकांना खरे समाधान सकाळी कार्यशाळेतून घणाचा आवाज ऐकू आला की मिळेल. तो आवाज चालू ठेवणे आता आपल्या हाती आहे.