अप्पांचा डायनमो

परवा माळा आवरताना गोणपाटात गुंडाळलेला डायनमो सापडला. आमच्या १९६८ च्या फियाटचा. केवढा जड!

बेळगावात टिळकवाडीचं रेल्वे गेट पडलं, की अप्पा गाडी उभी करून ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरायचे. आम्ही पोरं हसायचो, "अप्पा, शर्यत लावताय काय?" ते म्हणायचे, "तो लाल दिवा बघ की." डायनमोचं तेच दुखणं. इंजिन संथ असलं की तो करंट देत नाही, सगळा भार बॅटरीवर. दिवसा चालून जातं, पावसाळी रात्री नाही.

मेस्त्री दोन वर्षं सांगत होते, "काका, अल्टरनेटर बसवूया." अप्पांचं एकच, "कंपनीनं दिलंय ते काढायचं नाही."

१९९४ च्या जुलैत सावंतवाडीहून फोन आला, आजी अत्यवस्थ. रात्रीच निघालो. आंबोलीपर्यंत ठीक. घाटात धुकं, पाऊस आणि पुढं ट्रकांची रांग. गाडी मुंगीच्या पावलानं उतरत होती. हेडलाइट पिवळे पडत पडत मेणबत्तीएवढे झाले. अप्पांनी करंट वाचवायला वायपर बंद केला, खिडकीतून डोकं बाहेर काढून चालवली. शेवटी एका वळणाआधी कडेला घेतली. इंजिन बंद केलं तर परत लागेल याचा भरवसा नाही, म्हणून दिवे घालवून नुसती रेस देत बसलो, बॅटरी चार्ज व्हावी म्हणून. दीड तास गेला. उजाडता पोचलो, तोवर आजी गेली होती.

आईनं कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. अप्पांना तेच जास्त लागलं असावं. दिवसकार्य उरकून आल्यावर ते स्वतःच गॅरेजात गेले.

मारुती ८०० चा अल्टरनेटर आणला. त्याची पट्टी उद्यमबागेत लेथवर करून घेतली. पुली रेषेत नसली तर बेल्ट खातो म्हणून मेस्त्रींनी ती दोनदा बदलायला लावली. जुना कटआउट काढला, बॅटरीपर्यंत जाड वायर टाकली. लाल दिव्याची वायर मात्र ठेवली. अल्टरनेटर जागा व्हायला पहिला करंट तिच्यातूनच मिळतो. मग हेडलाइट, वायपर सगळं लावून संथ इंजिनवर मीटर धरला. आधी १२ च्या खाली असायचा, आता १३.८ व्होल्ट. अप्पा मीटरकडे बघत नुसते उभे राहिले.

तरी गेटला थांबलं की त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर जायचाच. "आता गरज नाही की, अप्पा." "सवय रे."

भंगारवाला डायनमो मागत होता, तांब्याचे चांगले पैसे येतात म्हणे. नाही दिला. पण ज्यांच्याकडं अजून डायनमोवरची गाडी आहे त्यांना सांगतो, जुनी वस्तू माळ्यावर जपा आणि गाडीला अल्टरनेटर बसवा. रात्रीचा फोन कधी येईल, सांगता येत नाही.