मातीचें घर

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या गाडीनें एक विचित्र हट्ट धरला. टाकी निम्मीहि भरली नसतां पंपाची नळी ‘खट्’ करून बंद पडे. पुन्हां दाबावी तों पुन्हां तेंच. मागें रांग खोळंबे. एके दिवशीं दादा संतापून पंपावरील मुलास लबाड म्हणाले, आणि मीं त्यांना आवरलें नाहीं. पुढें पंप बदलला, खट्खट् कायम!

अखेर जेथें गाडी घेतली, त्या पेढीच्या येरवड्यांतील कारखान्यांत ती नेली. तेथील साहेबांनीं पाहतांच टाकी बदलावयास सांगितलें. एक वृद्ध मिस्त्री मात्र म्हणाले, “थांबा जरा.”

त्यांनीं समजावून दिलें तें असें. नळीच्या टोकाशीं एक बारीक छिद्र असतें; पेट्रोलानें तें झांकलें कीं आंतील हवेचा दाब घटतो व झडप मिटते. टाकी भरतांना आंतली वाफ कोळशाच्या डब्यांतून जाते; कोळसा पेट्रोल शोषून घेतो आणि हवा बाहेर पडते. ही वाट बुजली, तर पेट्रोल उलट तोंडाशीं चढतें आणि भरल्या टाकीचा भास होतो. (नळी मिटल्यावरहि थोडें अधिक ओतून घेण्याची आमची हौस त्या कोळशास घातकच, असेंहि त्यांनीं सुनावलें.)

डब्याची हवेची नळी सोडली, तों आंत कुंभारीण माशीनें बांधलेलें मातीचें घर!

परततांना दादांनीं गाडी मुद्दाम पहिल्याच पंपावर घेतली. टाकी एका दमांत भरली. “बाळ, त्या दिवशीं चूक आमचीच होती,” दादा म्हणाले. मुलानें पैसे मोजून घेतले व तो पुढच्या गाडीकडे वळला.