मंद लयीचा आशय

शोक शब्दांतच असतो, ही सवय लातुरात वाढलेल्या माझ्या कानाला भजनांनी आणि कवितांनी लावली. बंगळूरच्या ‘डाइंग एम्ब्रेस’ने ती मोडली. १९९१ साली सुरू झालेला हा डूम मेटल बँड. गायकाच्या गुरगुराटात शब्द हाती लागत नाहीत. उरते ती खालच्या पट्टीतली, जड, रेंगाळणारी गिटार.

या शैलीचे मूळ ‘ब्लॅक सॅबथ’मध्ये आहे. १९६५ साली बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात डावखुऱ्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. प्लॅस्टिक वितळवून केलेल्या टोप्या बोटांवर चढवून तो वाजवू लागला. पुढे तारा सैल केल्या, पट्टी उतरली. यंत्राने केलेली इजा गाण्याचा विषय झाली नाही, तिने गाण्याची पट्टी ठरवली. (अर्थात बोटे शाबूत असलेल्यांनीही ती पट्टी उचललीच.)

नांदेडच्या पदव्युत्तर वर्गात १९९३च्या किल्लारी भूकंपावरील कविता चर्चेला आल्या, की विद्यार्थी ढिगारे, प्रेते, अनाथ मुले यांची अचूक नोंद करतात. ओळ कुठे अडखळली, विराम कुठे लांबला, असे विचारताच वर्ग गप्प होतो. आपण त्यांच्या हाती दिलेल्या समीक्षेतही आशयाच्या याद्याच अधिक आहेत.