आर्टसवाली

लातूर जिल्ह्यात दहावीच्या निकालानंतर पोरं दोन रांगांत उभी राहतात : एक डॉक्टरांची, दुसरी इंजिनियरांची. उरलेल्यांना 'आर्टसला घातलं' म्हणतात. मोकाट जनावर कोंडवाड्यात घालावं तसं.

अशा मुलखात आमच्या मुरुडच्या पुतणीनं ब्याण्णव टक्के मिळवून आपण होऊन आर्टस घेतलं! चार माणसं घरी भेटायला येऊन, उसासे टाकून, चहा पिऊन गेली. आजी म्हणाली, "माय, चित्रंच काढायची होती तर एवढं शिकलीस कशाला?"

आता ती बी.ए.ला आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं पदवीला चौथं वर्ष जोडलंय. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. पण पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के पडले, तर चौथं वर्ष संशोधनाचं, १२ श्रेयांकांच्या प्रबंधासह. पुढं थेट पीएच.डी.चीही वाट मोकळी.

"म्हणजे लग्न आणखी एक वर्ष लांबणीवर," अण्णांनी सगळ्या धोरणाचं एका वाक्यात सार काढलं.

"अण्णा, नांदेडचे कुरुंदकर गुरुजी आर्टसचेच की!"

"त्यांना हुंडा द्यायचा नव्हता."

यावर नरहर कुरुंदकरांनाही उत्तर सुचलं नसतं. पुतणी मात्र गप्प राहून उर्दू शाळेतल्या एका निवृत्त गुरुजींकडं लिपी शिकायला जाऊ लागली. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. दरबारी भाषा उर्दू. घरोघरी पत्र्याच्या पेट्यांत जमिनीचे कागद आहेत. लोक दसऱ्याला त्यांना हळदकुंकू वाहतात, पण वाचत नाहीत, वाचणार कोण? तिला प्रबंध लिहायचाय तो याच कागदांवर.

पहिली पेटी अर्थातच आमची. अण्णांचा शेजाऱ्याशी दोन गुंठ्यांच्या बांधावरून अकरा वर्षं दावा चाललेला. ते शिकस्त्याचं घसटं अक्षर गुरुजींच्या मदतीनं लावायला तिला तीन आठवडे लागले. मग एका संध्याकाळी तिनं वाचून दाखवलं : ते दोन गुंठे आमच्या पणजोबांनी शेजाऱ्याच्या पणजोबांना रीतसर विकलेले! खाली पणजोबांचा अंगठा.

अण्णा बराच वेळ अंगठ्याकडं बघत बसले. "हे संशोधन इथंच थांबव" असं म्हणतील, असं मला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दावा काढून घेतला, आणि रात्री जेवताना कुणाकडंही न बघता म्हणाले, "वकिलाला जे जात होतं, त्यात चौथं वर्ष बसतंय."

आता ओसरीवर पेट्या घेऊन माणसं येतात. जे आधी उसासे टाकून गेले, तेच "ताई, एवढं बघा" म्हणतात. स्थळं येतातच. अण्णा त्यांना सांगतात, "पोरगी चौथं वर्ष करणार हाय. थांबायचं तर थांबा. तवर घरची पेटी घिऊन या, वाचून दिती."

पेटी आणायला अजून एकही वरपिता धजलेला नाही.