पाठीवरचा शेरा

जुन्या विमानांच्या छायाचित्रांवरून त्यांची ओळख पटविण्याच्या या उद्योगात इतकी वर्षे घालविल्यावर एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे ती ही, की छायाचित्राच्या पाठीवर कोणी शाईने लिहून ठेवलेला शेरा हा या साऱ्या दप्तरातील सर्वांत बेभरवशाचा साक्षीदार होय; कारण शेरा उतरतो तो अभिमानातून, हौसेतून किंवा निव्वळ ऐकीव माहितीतून, आणि पंखाला आधार देणारा दांडा मात्र कोणाच्या अभिमानाखातर आपली जागा सोडीत नाही; भाराच्या हिशेबाने तो जिथे बसवावा लागला तिथेच बसलेला असतो.

शाहजादे आझम जाह यांच्या हिमायत अली खान या नावावरून वसलेल्या आमच्या हिमायतनगरात, जिथून किंग कोठी जवळ आणि आबिद्‌सचा रविवारचा जुन्या पुस्तकांचा बाजार पायी जाण्याजोगा, माझ्याकडे येणाऱ्या पाकिटांतील बहुतेक चित्रांवर 'निजाम सरकारचे विमान' एवढाच तपशील असतो. अशाच एका पाकिटातून शेजारच्या तरुणाने आजोबांच्या पेटीतले चित्र काढून माझ्यासमोर ठेवले. मागे फक्त 'हैदराबाद' असे लिहिलेले. "काका, हैदराबाद नावाचं विमानच होतं म्हणे. ते हेच ना?"

प्रश्न अगदीच निराधार नव्हता. हँडली पेज कंपनीचे 'हैदराबाद' नावाचे बाँबफेकी विमान खरोखरच होते; 1923 च्या ऑक्टोबरात ते प्रथम उडाले, आणि लाकडी सांगाड्याच्या त्या अवजड विमानाचा आमच्या शहराशी संबंध नावापुरताच. त्याला पंखांच्या दोन थरांमध्ये दोन्ही बाजूंस एकेक नेपियर लायन इंजिन असे. त्याचाच पुढला अवतार 'हिनैदी', आणि त्याला ब्रिस्टल ज्युपिटर. लायनचे बारा सिलिंडर तीन रांगांत, ज्युपिटरचे नऊ वर्तुळाकार. म्हणून समोरून घेतलेल्या चित्रात इंजिनाचे तोंड पाहिले की या दोघांचा निवाडा होतो. परंतु पेटीतल्या चित्रातील विमानाला इंजिन होते एकच, नाकाशी, आणि त्याच्यापुढे भिंतीसारखे सपाट, चौकोनी रेडिएटर. तेवढ्यावरून ते डी हॅव्हिलँडचे डी.एच.9ए ठरले, कारण त्याच्या आधीच्या डी.एच.9 चे रेडिएटर पोटाखाली असे, आणि इंजिनाचे सिलिंडर वर उघडे दिसत. भिंग लावल्यावर विमानाच्या कुशीवर रंगविलेल्या अक्षरांत 'हैदराबाद' हा शब्द लागला. तेव्हा शेरा खोटा नव्हता. तो विमानाच्या जातीचा नसून दात्याचा होता. पहिल्या महायुद्धात निजामांनी ब्रिटिशांना एका पथकाची विमाने देणगी दिली, तेच 110 क्रमांकाचे 'हैदराबाद' पथक. 400 अश्वशक्तीची लिबर्टी इंजिने असलेली ही विमाने घेऊन ते 1918 च्या सप्टेंबरात फ्रान्समध्ये दाखल झाले. त्यांतील एफ 1010 हे 5 ऑक्टोबर 1918 रोजी जर्मनांच्या हाती लागले, बर्लिनच्या संग्रहालयात राहिले, पुढे पोलंडात जाऊन पडले, आणि आज लंडनमधील हेंडन येथे उभे आहे. आमच्या शहराचे नाव घेऊन इतकी वणवण केलेले दुसरे काही मला ठाऊक नाही.

नावाने होणारी फसवणूक एक, आणि प्रसिद्धीने होणारी निराळी; ही दुसरी मला अधिक चीड आणते, कारण ती छापखान्यातून येते. जे.आर.डी. टाटा यांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून मुंबईस टपाल आणले ते पस मॉथ विमानातून. त्याच प्रवासाची आठवण म्हणून त्यांनी 1962 मध्ये पुन्हा उड्डाण केले ते लेपर्ड मॉथमधून. दोन्ही विमाने बंदिस्त खोलीची, वर एकच पंख असलेली, एकाच कंपनीची, आणि म्हणून दुसऱ्याचे चित्र पहिल्याच्या नावावर खपविणे सोपे. परंतु चाकाच्या दांड्याचे वरचे टोक पाहावे. पस मॉथमध्ये ते उंच जाऊन पंखाच्या मुळाशी पोचते. लेपर्ड मॉथमध्ये ते इंजिनामागच्या भिंतीकडे पुढे झुकते. शिवाय लेपर्डचे पंख टोकाकडे निमुळते. आणि याहूनही सरळ हरकत अशी, की लेपर्ड मॉथचे पहिले उड्डाणच 1933 च्या मे महिन्यातले. ते 1932 साली कराचीत कोठून यावे?

रंगांची साक्षही जपूनच घ्यावी लागते. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा प्रकाश जाणवत नसे, म्हणून तांबडे व पिवळे काळवंडून येई आणि निळे फिकट पडे. ब्रिटिश विमानावरील वर्तुळांतला आतला तांबडा ठिपका काळा आणि बाहेरचे निळे वलय जवळजवळ पांढरे दिसले, की अनभिज्ञ माणूस ते कोण्या परक्या देशाचे चिन्ह समजून चकतो. पिवळ्या रंगाचे विमान या फिल्मवर पुष्कळदा काळपट!

शेऱ्यांची इतकी निंदा केल्यावर एका शेऱ्याची स्तुती करणे मला प्राप्त आहे. जुन्या संस्थानातील कारकुनी वळणाचा माणूस चित्रामागे विमानाचे नाव कदाचित चुकवील, पण तारीख सहसा चुकवीत नसे, आणि ती फसली सनात घाली. संस्थानाचे फसली वर्ष आजूर महिन्याने, म्हणजे ऑक्टोबरात, सुरू होई. आजूर 1356 वाचले की 590 मिळवून 1946 चा ऑक्टोबर हाती येतो. अशा तारखेचे बेगमपेठेचे एक चित्र मराठवाड्यातून येथे आलेल्या एका कुटुंबाने मला दाखविले, वर 'लष्करी विमान' असे लिहिलेले. विमान डकोटा, डाव्या कुशीवर मालासाठी रुंद जोडदरवाजा; म्हणजे मूळ घडण लष्करीच, येथपर्यंत लिहिणाऱ्याचे खरे. परंतु अंगावर 'व्हीटी' ने सुरू होणारी नागरी नोंदणी होती, आणि निजाम रेल्वे व टाटा यांनी 1945 मध्ये उभारलेल्या डेक्कन एअरवेजचा कारभार तेव्हा याच डकोटांवर चाले. 1953 मध्ये ती कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. मी मूळ शेरा खोडला नाही. त्याखाली पेन्सिलीने 'लष्करातून निवृत्त, नंतर डेक्कन एअरवेजच्या नोकरीत' असे लिहिले आणि चित्र परत केले.