हेल्मेट? चला नाना पेठेत!

मोबाइल होल्डर, बाइकचं कव्हर ऑनलाइन मागवा, बिनधास्त! हेल्मेटसाठी मात्र मी पुण्याची नाना पेठच गाठते. एकमेकांना खेटून स्पेअर पार्ट्सची दुकानं, ऑइलचा वास, पार्किंगची बोंब. (मॉलवाल्यांनी नाक मुरडू नये.) दुकानदार काकांनी आधी डोक्याला टेप लावली. ५८ सेंटिमीटर. "घाला. आता मान हलवा, जोरात!" हेल्मेट डोक्यावर फिरलं, की बाद. गालांना घट्टच हवं, पॅडिंग वापरून सैल होतंच. डोकं गोल की लांबट, हे साइज चार्टला काय कळणार? जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट विकायला बंदी आहे. तरी मार्कवरचा 'आयएस ४१५१' हातात घेऊन वाचाच. दोनशे रुपये जास्त गेले. काच कशी बदलायची तेही काकांनी शिकवलं, वर चहा पाजला.