लाटणं

परवा आमच्या इमारतीत बैठक झाली. महिला मंडळ आणि उत्सव मंडळ यांनी मिळून रक्तदान शिबिर घ्यायचं, एवढाच विषय. पण दीड तास गेला तो बॅनरवर कोणाचं नाव वर यावर! शिबिर राहिलं बाजूला. घरी येऊन पोळ्या करायला घेतल्या, लाटणं हातात आलं आणि आईच आठवली.

१९७२ साल, परळची चाळ. दुष्काळाचे दिवस. रेशनच्या दुकानापुढे रांगा, तेल, साखर, रॉकेल सगळ्याचीच ओढाताण. आमचं घर लाल बावट्याचं, शेजारच्या काकूंचं शिवसेनेचं. १९७० मध्ये आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. वाटीभर साखर उसनी मागायचीही सोय उरली नव्हती.

त्या वर्षी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, प्रमिला दंडवते समाजवादी. अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी कम्युनिस्ट, आणि त्याही दोन वेगळ्या कम्युनिस्ट पक्षांच्या. या पक्षांचं एरवी आपसात किती पटायचं ते त्या काळातल्या लोकांना ठाऊक आहे. पण इथे कोणी कोणाला विचार बदलायला सांगितलं नाही. मागणं मोजकं, रोजच्या गरजेच्या वस्तू परवडणाऱ्या दरात मिळाव्यात. आणि निशाणी लाटण्याची. ते कुठल्याच पक्षाचं नव्हतं, आणि प्रत्येकीच्या घरात होतं.

मोर्च्याच्या दिवशी आई लाटणं घेऊन निघाली, तर जिन्यात काकू उभ्या. त्यांच्याही हातात लाटणं! दोघी क्षणभर बघतच राहिल्या. मग आई म्हणाली, "चला वहिनी, उशीर होईल."

आणि मी? मी तेव्हा बी.ए.ला होते. आई भर रस्त्यात लाटणं उगारणार याचीच मला लाज वाटली. कॉलेजला जाते म्हणून सटकले. ती रुखरुख अजून गेलेली नाही.

पुढे दोन्ही घरांची मतं बदलली असं मुळीच नाही. निवडणुकीत काकू त्यांच्या वाटेने, आई तिच्या. साखरेची वाटी मात्र पुन्हा इकडून तिकडे जाऊ लागली. पुढाऱ्यांचंही तसंच. १९७७ मध्ये अहिल्याताई मुंबई उत्तर मध्यमधून मार्क्सवादी पक्षाच्या खासदार झाल्या, १९८० मध्ये त्याच जागेवर जनता पक्षाच्या प्रमिलाताई निवडून आल्या. एकत्र मोर्चे काढले म्हणून कोणी आपला पक्ष सोडला नव्हता.

असो. रविवारी पुन्हा बैठक आहे. बॅनरवर फक्त तारीख, वेळ आणि जागा लिहा, दोन्ही मंडळांची नावं नकोतच, असं सेक्रेटरींना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बघू या, बाई."

मी लाटणं घेऊनच जाणार आहे बैठकीला.